स्वस्त ‘मुरलेली’ टकीला : बाटली घेण्यापूर्वी काय पाहावे

गोव्यातील मोठ्या मद्यविक्री दुकानांत आता टकीलासाठी स्वतंत्र फळी असते. त्या फळीवर एकाच कंपनीच्या दोन बाटल्या शेजारी-शेजारी उभ्या दिसतात. एकीतील द्रव पाण्यासारखा स्वच्छ असतो, दुसरीतील सोनेरी. सोनेरी बाटलीवर ‘रेपोसादो’ किंवा ‘आन्येहो’ असा स्पॅनिश शब्द असतो आणि किंमत काहीशी चढी असते. ग्राहकाचा हात बहुधा सोनेरीकडेच जातो. रंग पाहून मद्याचे वय ठरवण्याची सवय आपल्याला रम आणि व्हिस्कीने लावलेली आहे. जहाजावरून परतणारे तारवटीही पुएर्तो वायार्ता किंवा कोसुमेल यांसारख्या मेक्सिकन बंदरांतून भेट म्हणून आणतात ती अशीच सोनेरी बाटली. ती स्वस्त मिळाली हे ते अभिमानाने सांगतात. ती स्वस्त का मिळाली, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

तो प्रश्न विचारण्याजोगा आहे, कारण टकीलाच्या बाबतीत ‘मुरवलेली’ आणि ‘रंगवलेली’ यांतील अंतर बाहेरून दिसत नाही, आणि कायद्यानेही ते पुरते उघड करण्याची सक्ती नाही.

प्रथम मूळ पदार्थाविषयी. आपल्याकडे माळरानावर, शेताच्या बांधावर, रेल्वेच्या कडेला घायपाताची कुंपणे दिसतात. त्याच कुळातील निळसर पानांची एक जात मेक्सिकोत पिकवली जाते. शास्त्रीय परिभाषेत ती ‘अगावे टकीलाना’ची निळी उपजात. टकीला केवळ तिच्यापासूनच करता येते, आणि तीही मेक्सिकोतील ठरावीक प्रदेशातच : संपूर्ण हालिस्को राज्य, तसेच ग्वानाहुआतो, मिचोआकान, नायारित आणि तामाउलिपास या राज्यांचे काही तालुके. मेक्सिकोने १९७४ मध्ये या नावाला उगमस्थानाचे संरक्षण दिले. त्यावर देखरेख करणारी नियामक परिषद १९९४ पासून काम करते. भारताच्या भौगोलिक निर्देशांक नोंदवहीतही ‘टकीला’ हे नाव नोंदलेले आहे. फेणीला लाभलेल्या संरक्षणाची ही मेक्सिकन बहीण म्हणता येईल.

झाड पक्व व्हायला साधारण सहा ते आठ वर्षे लागतात. मग ‘हिमादोर’ म्हणवले जाणारे कामगार लांब दांड्याच्या धारदार कुदळीने पाने छाटून मधला गड्डा मोकळा करतात. तो दिसतो अननसासारखा, म्हणून स्पॅनिशमध्ये त्याला अननसाचेच नाव आहे. हा गड्डा भाजून किंवा वाफवून त्यातील पिष्टसदृश द्रव्याची साखर केली जाते, रस काढून आंबवला जातो आणि त्याचे किमान दोनदा ऊर्ध्वपातन होते. हुर्राक आणि फेणी यांतील पायरीचा फरक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

इथवर सगळे सरळ आहे. गुंता सुरू होतो तो बाटलीवरील अक्षरांपासून.

पहिली पाहण्याची गोष्ट वय नव्हे. लेबलवर ‘अगावे’ या शब्दाआधी १०० टक्के हा आकडा आहे की नाही, एवढेच प्रथम तपासावे. मेक्सिकन मानकानुसार टकीलाचे दोन वर्ग आहेत. एका वर्गातील सर्व साखर निळ्या अगावेतूनच आलेली असते आणि तशी ती लेबलवर नोंदवली जाते. दुसऱ्या वर्गाला नुसते ‘टकीला’ म्हणतात. त्यात आंबवताना ५१ टक्के साखर अगावेची असली की पुरते, उरलेली ४९ टक्क्यांपर्यंत ऊस किंवा मक्यासारख्या अन्य स्रोतांतून येऊ शकते. व्यापारात या दुसऱ्या वर्गाला ‘मिक्स्तो’ म्हणतात, पण हा शब्द बाटलीवर कोणी छापत नाही. तिथे १०० टक्क्यांची नोंद नसणे हीच त्याची खूण. शिवाय १०० टक्के अगावेची टकीला संरक्षित प्रदेशातच बाटलीबंद करावी लागते, मिक्स्तो मात्र टाक्यांतून परदेशी पाठवून तिथे भरता येते.

या भेदाचा मुरवण्याशी काहीही संबंध नाही, आणि ग्राहक नेमका इथेच चकतो. मिक्स्तोही लाकडात ठेवता येते आणि तिच्यावरही ‘रेपोसादो’ असे कायदेशीरपणे लिहिता येते. जगभर सर्वाधिक ओळखली जाणारी होसे क्वेर्वोची ‘एस्पेसियाल’ ही बाटली याचे ठळक उदाहरण. तिच्या सोनेरी रूपावर अनेक बाजारपेठांत ‘रेपोसादो’ हा शब्द असतो, १०० टक्के अगावेचा उल्लेख नसतो. त्याच घराण्याची ‘त्रादिसियोनाल’ मात्र १०० टक्के अगावेची आहे. यात फसवणूक नाही, सर्व काही लेबलवर आहे. फक्त जे छापलेले नाही ते वाचता यायला हवे.

मुरणे म्हणजे किती मुरणे?

ऊर्ध्वपातनानंतर लगेच किंवा दोन महिन्यांच्या आत बाटलीत भरलेली टकीला ती ‘ब्लांको’. ओकच्या लाकडात किमान दोन महिने ठेवलेली ‘रेपोसादो’, म्हणजे विसावलेली. किमान एक वर्ष ठेवलेली ‘आन्येहो’. किमान तीन वर्षांची ‘एक्स्ट्रा आन्येहो’, आणि हा वर्ग २००६ मध्ये नव्याने निर्माण झाला. याखेरीज ‘होवेन’ किंवा ‘ओरो’ नावाचा सोनेरी वर्ग असतो. त्यात ब्लांकोमध्ये थोडी मुरलेली टकीला मिसळलेली असू शकते किंवा ब्लांकोला नुसता रंग दिलेला असू शकतो. स्वस्त फळीवरील ‘गोल्ड’ बहुधा याच दुसऱ्या प्रकारची असते. तिला मुरलेली समजून जादा पैसे देणे हा शुद्ध तोटा.

या व्याख्यांतील एक बारकावा स्वस्त बाटलीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. आन्येहो आणि एक्स्ट्रा आन्येहोसाठी लाकडी पात्र ६०० लिटरपेक्षा मोठे असून चालत नाही. रेपोसादोला अशी मर्यादाच नाही. ती हजारो लिटरच्या प्रचंड लाकडी हौदातही विसावू शकते, आणि मोठ्या कारखान्यांत विसावतेही. पात्र जितके मोठे, तितका द्रवाच्या प्रत्येक लिटरला लाकडाचा स्पर्श कमी. दोनशे लिटरच्या जुन्या बूर्बन पिंपात अकरा महिने राहिलेली टकीला रेपोसादो, आणि मोठ्या हौदात साठ-बासष्ट दिवस काढलेलीही रेपोसादोच. लोणच्याच्या बरणीवर ‘मुरलेले’ एवढेच लिहिले, तर ते आठवड्याचे की वर्षाचे हे कसे कळणार?

पिंपांचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर. अमेरिकेच्या कायद्यानुसार बूर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पात्रातच ठेवावी लागते. त्यामुळे तिथे वापरलेल्या पिंपांचा सततचा साठा निर्माण होतो आणि तो टकीलावाल्यांच्या कामी येतो. टकीलातील व्हॅनिला, खोबरे, कॅरमेल यांची झाक येते ती या लाकडातून. पण पिंप पुन्हा-पुन्हा वापरले की त्याचा कस उतरतो. आठव्या फेरीच्या पिंपात वर्षभर ठेवलेली आन्येहो कायद्याने आन्येहो असते, चवीने आणि रंगाने मात्र फिकट. मग तिला गडद कोण करते?

मुभा दिलेली भर

इथे या विषयाचा गाभा येतो. मेक्सिकन मानकाने टकीलात चार प्रकारचे पदार्थ घालण्यास परवानगी दिली आहे : कॅरमेलचा रंग, ओकचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक. एकूण वजनाच्या एक टक्क्याच्या आत ही भर असेल, तर लेबलवर तिचा उल्लेख करावा लागत नाही. १०० टक्के अगावेच्या बाटलीलाही ही मुभा आहे. तो आकडा आंबवलेल्या साखरेविषयी बोलतो, नंतर घातलेल्या पाकाविषयी नव्हे.

एक टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण आजची गोडी देणारी द्रव्ये आणि अर्क इतके तीव्र असतात की त्याच्या अंशानेही चव पालटते. रंगाने वय वाढते, अर्काने पिंप येते, ग्लिसरीनने जिभेवर गुळगुळीतपणा येतो, पाकाने घशातील जळजळ झाकली जाते. स्कॉच व्हिस्कीतही कॅरमेलचा रंग चालतो, पण अर्क आणि गोडी चालत नाही. टकीला याबाबत अधिक सैल आहे. अलीकडच्या काळात काही उत्पादकांनी ‘भरविरहित’ असे स्वतःहून जाहीर करण्यास सुरुवात केली आणि त्यावरून नियामक परिषदेशी त्यांचे खटके उडाले, कारण असे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार खासगी मंडळींना नाही असे परिषदेचे म्हणणे. परिणामी सामान्य ग्राहकाला या बाबतीत लेबलकडून फारशी मदत मिळत नाही.

भर घातलेली प्रत्येक टकीला वाईट, असे मात्र म्हणता येणार नाही. रंगाचा थोडा हात फिरवून एका खेपेची बाटली दुसऱ्या खेपेशी जुळवणे हा व्यापाराचा जुना रिवाज आहे. आक्षेप आहे तो वेळेचे पैसे घेऊन पाक देण्याला.

अगावेचा हिशेब

किंमत खरी आहे की संशयास्पद, हे ठरवायला थोडे गणित उपयोगी पडते. जुन्या पद्धतीने, विटांच्या भट्टीत गड्डे एक-दोन दिवस भाजून केलेल्या एक लिटर टकीलाला साधारण सहा-सात किलो अगावे लागते. २०१८ नंतरच्या टंचाईच्या काळात अगावेचा भाव किलोला ३० पेसोच्या आसपास पोहोचला होता. म्हणजे पाऊण लिटरच्या बाटलीत सुमारे १३५ पेसोचा नुसता कच्चा माल. त्यावर भट्टी, मजुरी, लाकूड, काच, कर आणि नफा. अशा दिवसांत १०० टक्के अगावेची मुरलेली बाटली अतिस्वस्त विकायची, तर कुठेतरी हात आखडावा लागणारच. कोवळी झाडे तोडली गेली. भाजण्याऐवजी कच्च्या गड्ड्यातून गरम पाण्याच्या झोताने साखर धुऊन काढणारी ‘डिफ्युजर’ यंत्रे अधिक सोयीची ठरली. या यंत्राने साखर जवळजवळ पूर्ण निघते, भाजलेल्या अगावेचा सुगंध मात्र हाती लागत नाही. मग तो सुगंध नसल्याची उणीव लाकूड आणि अर्क भरून काढतात. त्यामुळेच डिफ्युजरची ब्लांको बेचव वाटते आणि तिचीच रेपोसादो बरी वाटते.

त्या भाववाढीत जो-तो अगावे लावत सुटला. ती झाडे पक्व होऊ लागली तसे २०२४ पर्यंत भाव दहा पेसोंच्याही खाली घसरले. मेक्सिकन शेतकऱ्यावर यामुळे काय ओढवले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. कांद्याचे आणि टोमॅटोचे भाव पाहिलेल्या वाचकाला त्याची कल्पना करता येईल. ग्राहकापुरते सांगायचे तर, आज स्वस्त बाटली दिसली की ती निकृष्टच असेल असे धरून चालणे बरोबर नाही. चांगल्या भट्टीलाही आता स्वस्त विकणे परवडू शकते.

ही भट्टी कोणती, हे मात्र शोधता येते. प्रत्येक अस्सल बाटलीवर ‘नॉम’ या अक्षरांसोबत चार आकडी क्रमांक असतो. तो आसवनीचा क्रमांक, ब्रँडचा नव्हे. एकाच क्रमांकाखाली डझनभर नावे निघू शकतात. ११२२ म्हणजे क्वेर्वो, ११०२ म्हणजे साउसा, १४४९ म्हणजे दोन हुलिओ, १४९२ म्हणजे पात्रोन. ‘एल हिमादोर’ ही परवडणारी बाटली आणि ‘एर्रादुरा’ ही तिच्यापेक्षा बरीच महाग बाटली, दोन्हींवर १११९ हाच क्रमांक आहे. यावरून दोन्ही सारख्याच असतात असे नव्हे, परंतु स्वस्त बाटलीमागे एक जुने, नावाजलेले घराणे उभे आहे एवढे कळते. उलट कवटीच्या आकाराची काच, हाताने बांधलेली सुतळी आणि अनोळखी क्रमांक असे त्रिकूट दिसले, तर आपण पैसे मुख्यत्वे काचेचे देत आहोत हे ओळखावे.

मद्यार्काचे प्रमाणही पाहून घ्यावे. टकीला ३५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. मेक्सिकोतील स्थानिक विक्रीच्या बाटल्या अनेकदा ३५ किंवा ३८ टक्क्यांच्या असतात. ३५ टक्क्यांच्या बाटलीत ४० टक्क्यांच्या तुलनेत मद्यार्क एक-अष्टमांशाने कमी. बंदरावरील दुकानातील स्वस्ताईचा थोडा भाग असा पाण्यात असतो.

आता बाटली उघडल्यानंतरचे. पेल्यात थोडी ओतून दोन-तीन मिनिटे तशीच ठेवावी. दोन-तीन महिन्यांची रेपोसादो फिकट गवती रंगाची असायला हवी. ती चहासारखी लालसर दिसली तर लाकडाला इतकी घाई कशी जमली, असे विचारावे. नाकाशी नेताना प्रथम भाजलेल्या रताळ्याची, ओल्या मातीची, थोडी मिरीची चाहूल लागली पाहिजे. हे अगावेचे अंग. लाकूड त्याच्या मागून यावे. पहिल्याच हुंगण्यात बेकरीतील व्हॅनिला केक समोर आला आणि अगावे कुठे सापडलेच नाही, तर भर असण्याचा संभव दाट. फेणीला नाक लावून काजू ओळखणाऱ्या गोमंतकीयाला ही परीक्षा कठीण जाऊ नये. फेणी लाकडाच्या आड लपत नाही, त्यामुळे फळ ओळखण्याची सवय आपल्या नाकाला आधीपासूनच आहे.

दुसरी जुनी परीक्षा तळहाताची. चार थेंब तळहातावर घेऊन हात चोळावेत. मद्यार्क उडून गेल्यावर हात कोरडे राहिले आणि मंद अगावेचा वास उरला तर ठीक, चिकटपणा उरला तर पाक किंवा ग्लिसरीन असण्याचा संशय घ्यावा. ही काही प्रयोगशाळेतील चाचणी नव्हे, तरी ती निरुपयोगी नाही. गेल्या वर्षी सवलतीत घेतलेल्या एका आन्येहोची थोडी टकीला मी रात्री बशीत तशीच विसरलो. सकाळी त्या बशीला मुंग्यांची रांग लागली होती. शेजारच्या बशीत त्याच संध्याकाळची ब्लांको सुकून गेली होती, तिकडे एकही मुंगी फिरकली नव्हती. त्या आन्येहोवर मी जवळपास दीडपट पैसे मोजले होते.

गोव्यातील किंमत

‘स्वस्त’ हा शब्द इथे मेक्सिकोतील अर्थाने वापरता येत नाही. आपल्या राज्यात मद्यावरील कर शेजारच्या राज्यांपेक्षा सौम्य असले, तरी परदेशी मद्यार्कावर केंद्राचे आयातशुल्क दीर्घकाळ १५० टक्क्यांच्या घरात राहिले आहे. हे शुल्क किमतीच्या प्रमाणात लागते. त्यामुळे बंदरावर दोन बाटल्यांच्या किमतीत ५०० रुपयांचा फरक असेल, तर शुल्कासह तो १,२५० होतो, आणि वितरक व दुकानदाराचा नफा त्यावर चढतो. ब्लांको आणि रेपोसादो यांच्यातील छोटा फरक आपल्यापर्यंत येईतो असा फुगतो. मेक्सिकोत जिथे ग्राहक दोन महिन्यांच्या लाकडासाठी चार पैसे जास्त देतो, तिथे आपण त्याच दोन महिन्यांसाठी कैक पटींनी जास्त देत असतो.

म्हणून माझे मत असे आहे. कमी खर्चात टकीला घ्यायची असेल, तर १०० टक्के अगावेची ब्लांको हा सर्वांत सुरक्षित सौदा. तिच्यात लपवायला जागा थोडी आणि तिच्यावरून त्या भट्टीची योग्यता कळते. ब्लांको आवडली, तर त्याच घराण्याची रेपोसादो पुढच्या वेळी जरूर घ्यावी. स्वस्त रेपोसादोत खरोखर चांगल्या बाटल्या सापडतात. स्वस्त आन्येहोच्या बाबतीत मी सावध राहीन. वर्षभर पिंप अडकून पडते, जागेचे भाडे चढते आणि दरवर्षी काही भाग हवेत उडून जातो. हा सगळा खर्च सोसूनही बाटली स्वस्त असेल, तर बचत बहुधा अगावेत किंवा पिंपात झालेली असते. आन्येहो कोळशातून गाळून पुन्हा पाण्यासारखी केलेली ‘क्रिस्तालिनो’ सध्या लोकप्रिय आहे. स्वस्तात तिच्या वाटेला न जाणेच बरे. आधी लाकूड घ्यायचे आणि मग ते गाळून टाकायचे, याचे पैसे दोनदा पडतात.

मार्गारिता किंवा तत्सम मिश्रपेयासाठी घ्यायची असेल तर हा सगळा काथ्याकूट थोडा सैल करता येईल. लिंबू, संत्र्याचा मद्यार्क आणि मीठ यांच्या गर्दीत बारा महिन्यांचे लाकूड हरवून जाते. तिथे ब्लांको किंवा साधी रेपोसादो पुरेशी आहे.

आपल्या दख्खनच्या पठारावरील अगावेपासूनही मद्य तयार होते, हेही लक्षात असू द्यावे. ‘डेसमंडजी’ हे अशा प्रकारचे मद्य २०११ मध्ये गोव्यातच प्रथम बाजारात आले, आणि गेल्या काही वर्षांत लाकडात मुरवलेली भारतीय अगावे मद्येही मिळू लागली आहेत. त्यांना कायद्याने टकीला म्हणता येत नाही. परंतु त्यांच्यावर आयातशुल्काचा बोजा नसतो, त्यामुळे आन्येहोसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत त्यांची तुलना एकदा करून पाहणे वावगे ठरणार नाही.

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंतचे मद्य शुल्काविना आणता येते. जहाजावरील भावाला किंवा मुलाला ‘टकीला आण’ एवढेच सांगण्याऐवजी १०० टक्क्यांची नोंद, ४० टक्के मद्यार्क आणि ओळखीचा नॉम क्रमांक असे तीन मुद्दे लिहून पाठवले, तर त्या दोन लिटरचे सार्थक होईल. आणि ती बाटली आली की दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात वर्षानुवर्षे सजवून ठेवू नये. मद्य मुरते ते लाकडात, काचेत नाही. झाकण उघडल्यावर तर काही महिन्यांतच तिचा सुगंध ओसरू लागतो, आणि आपल्या दमट उन्हाळ्यात खिडकीशेजारी ठेवली असेल तर त्याहूनही लवकर.